खानदेशविषयक ग्रंथसूचीसाठी सॉफ्टवेअरची निवड : एक प्रकरण अभ्यास

जळगाव जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी असलेल्या महाविद्यालयीन ग्रंथालयात खानदेशाविषयीच्या साहित्याची सूची बऱ्याच वर्षांपासून तयार होत आली आहे. स्थानिक इतिहास, लोकसाहित्य, अहिराणी आणि भिली बोली, केळी व कापसाची शेती, सातपुड्यातील आदिवासी जीवन अशा विषयांवरील पुस्तके, प्रबंध, स्मरणिका आणि नियतकालिकांतील लेख तिच्यात नोंदलेले आहेत. आता निवृत्त झालेल्या ग्रंथपाल सरांनी ती तालिकापत्रांवर सुरू केली. पुढे तिचा एक भाग श्रीलिपीत (यूनिकोडपूर्वीच्या देवनागरी टंकलेखन प्रणालीत) टंकून पेजमेकरमध्ये जुळवला व छापला गेला आणि त्यानंतरच्या नोंदी एक्सेलच्या फाइलमध्ये साठत राहिल्या. पीएच.डी.साठी साहित्य शोधणारा विद्यार्थी आला की त्याला पत्रांचे खण, छापील पुस्तिका आणि फाइल असा तीन ठिकाणी शोध घ्यावा लागे. धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील दोन सार्वजनिक ग्रंथालयांनी आपल्याकडील नोंदीही या सूचीत घालण्याची तयारी दाखवली, तेव्हा ती एकत्र करून इंटरनेटवर सर्वांना खुली करावी असे ठरले आणि सॉफ्टवेअरच्या निवडीचा प्रश्न समोर आला. या निवडीत प्रस्तुत लेखकासह निवृत्त सर, नंदुरबारकडील ग्रंथालयाचे कार्यवाह नाना, धुळ्याच्या ग्रंथपाल ताई आणि अहिराणी लोकगीतांवर प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी एवढे जण सहभागी होते.

तालिका वेगळी, सूची वेगळी

पहिल्या बैठकीत सर्वांत स्वाभाविक सूचना अशी आली की महाविद्यालयात ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर आहेच, त्यातच हे काम करावे. इन्फ्लिबनेटचे सोल, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ग्रंथालय आणि न्यूझीलंडमध्ये जन्मलेले, मुक्त स्रोत असलेले कोहा ही नावे आपल्याकडील ग्रंथपालांना परिचित आहेत. तथापि ही सॉफ्टवेअरे मुळात ग्रंथालयाच्या मालकीच्या ग्रंथांचा कारभार पाहण्यासाठी घडवलेली आहेत. दाखल क्रमांक, देवघेव, सभासद, गणती हे त्यांचे केंद्र. ग्रंथसूचीचे केंद्र विषय हे असते. एखादे पुस्तक आपल्या कपाटात नसले, किंबहुना खानदेशातल्या कोणत्याही कपाटात नसले, तरी ते अस्तित्वात आहे आणि अमुक ठिकाणी पाहता येईल हे सांगणे तिचे काम असते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली सिद्ध केली, ती एखाद्या ग्रंथालयाची यादी म्हणून केलेली नव्हती, आणि म्हणूनच ती आजही चाळली जाते. हा भेद बैठकीत स्पष्टपणे मांडला गेला नसता तर चर्चा पुढे भलत्याच वाटेला लागली असती, असे माझे मत आहे.

त्यामुळे पर्याय दोन गटांत पडले. कोहामध्ये प्रत नसलेल्या ग्रंथाचीही नोंद करता येते आणि सार्वजनिक याद्या करून त्यांचा दुवा देता येतो, म्हणून ते विचारात राहिले. सोल आणि ई-ग्रंथालय येथेच वगळले गेले. दुसऱ्या गटात संदर्भ-व्यवस्थापनाची, म्हणजे संदर्भांच्या नोंदी साठवून त्यांच्या याद्या काढून देणारी सॉफ्टवेअरे होती : झोटेरो, मेंडेली, एंडनोट आणि जॅबरेफ. एंडनोट विकत घ्यावे लागते व सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानात ते बसणारे नव्हते, म्हणून त्यावर फार वेळ घालवला नाही. याशिवाय नानांचा स्वतःचा पर्याय होता, तो म्हणजे गूगल शीट. त्यांचे म्हणणे होते, ‘‘आमच्या ग्रंथालयातला पोरगा शीट आजपासून भरू शकतो. नवीन काही शिकवायला बसलो तर शिकवेपर्यंत तो दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो.’’ हे म्हणणे हलके समजण्यासारखे नव्हते. सार्वजनिक ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांचे मानधन पाहता माणसे टिकत नाहीत, हे वास्तव निवडीच्या प्रत्येक टप्प्यावर लक्षात ठेवावे लागले.

अवघड नोंदींची कसोटी

सॉफ्टवेअरांच्या गुणांचे तक्ते करून तुलना करण्याची पद्धत सर्वत्र आढळते. सरांनी तिला नकार दिला. त्यांनी पत्रांच्या खणातून निवडक नोंदी काढल्या आणि म्हणाले, ‘‘सरळ नोंदी कुठेही बसतात. ज्या नोंदींनी मला त्रास दिला, त्या आधी बसवून दाखवा.’’ माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक उपयोगी पडलेला निर्णय हाच होता, म्हणून त्या नोंदींविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पहिली नोंद भारताच्या भाषिक सर्वेक्षणाची होती. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या या प्रचंड कामातील नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला आणि त्यात भिल बोलींसोबत खानदेशीचा विचार आला आहे. खंड नऊ, भाग तीन, शिवाय त्या भागाचे स्वतंत्र शीर्षक अशी ही तीन पायऱ्यांची नोंद आहे. गूगल शीटमध्ये ती ‘शीर्षक’ या एकाच स्तंभात कोंबावी लागली. कोहामध्ये मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित आराखड्यातील उपक्षेत्रांमुळे (नोंदीतील रकान्यांच्या पोटविभागांमुळे) ती नेमकी बसली. झोटेरोमध्ये खंडासाठी क्षेत्र मिळाले, परंतु भाग शीर्षकातच लिहावा लागला.

दुसरी नोंद बहिणाबाई चौधरी यांच्या कवितांच्या १९५२ सालच्या संग्रहाची. बहिणाबाई १९५१ मध्ये निवर्तल्या, कविता प्रसिद्धीस आणण्यात पुत्र सोपानदेव यांचा वाटा, आणि प्रस्तावना आचार्य अत्रे यांची. मराठीत प्रस्तावनाकाराला किती महत्त्व असते हे सांगायला नको. वाचक पुष्कळदा प्रस्तावनेसाठीच पुस्तक मागतो. झोटेरोमध्ये पुस्तकासाठी लेखक, संपादक, मालिका-संपादक, अनुवादक आणि सहभागी एवढ्याच भूमिका आहेत. प्रस्तावनाकाराला ‘सहभागी’ या भूमिकेत घालावे आणि टिपेत ‘प्रस्तावना’ असे लिहावे, असा नियम करावा लागला. शीटमध्ये मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या व्यक्तीसाठी स्तंभ वाढवत जाण्याखेरीज उपाय नव्हता, आणि तिथेच नानांनी स्वतःहून मान्य केले की शीट पुढे आवरणार नाही.

तिसऱ्या प्रकारच्या नोंदी प्रबंधांच्या. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि बहिणाबाईंचे नाव त्याला २०१८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या प्रबंधांवर केवळ ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असते, आणि १९९० पूर्वी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली असल्यामुळे त्या काळातील प्रबंध पुण्याच्या नावावर आहेत. नोंदीत मुखपृष्ठावर असलेले नावच ठेवायचे, पण वाचकाला तिन्ही नावांचे प्रबंध एकत्र दिसले पाहिजेत. जिल्ह्यांचेही तसेच. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे ते जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. ‘पश्चिम खानदेश’ असे शीर्षक असलेले पुस्तक नंदुरबारविषयी शोधणाऱ्याला सापडायला हवे. याचे उत्तर टॅगमध्ये, म्हणजे नोंदीला जोडायच्या शोधशब्दांत मिळाले : मूळ नोंद जशीच्या तशी ठेवून आजच्या जिल्ह्याचा आणि संस्थेच्या एका निश्चित नावाचा टॅग जोडायचा. हे कोहामध्ये विषयशीर्षकांनी अधिक शिस्तीने करता आले असते, पण झोटेरोत ते शिकवायला सोपे गेले.

चौथा त्रास नावांचा होता. साने गुरुजींचे अमळनेरच्या वास्तव्याशी निगडित साहित्य सूचीत आहे. सॉफ्टवेअरने ‘साने गुरुजी’ या नावाचे आडनाव आणि नाव असे तुकडे केले की यादीत ‘गुरुजी, साने’ असे विचित्र रूप छापले जाते. झोटेरोमध्ये नावाचे क्षेत्र एकपदरी करण्याची, म्हणजे नाव न तोडता सलग ठेवण्याची सोय आहे आणि ती संस्थांच्या नावांसाठीही चालते. विद्यार्थिनीला ही सोय सर्वांत आवडली, कारण लोकगीतांच्या संग्रहांवर अनेकदा ‘महिला मंडळ’ एवढाच लेखक असतो.

शेवटी नव्या पुस्तकांची नोंद आयएसबीएनवरून (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकावरून) आपोआप भरते का, हेही पाहिले. भरते, पण मराठी पुस्तकाची माहिती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून आली की शीर्षक आणि लेखक रोमन लिपीत, डोक्यावर रेघा व खाली टिंबे देऊन येतात. ती पुन्हा देवनागरीत टंकावी लागतात. शिवाय जुन्या पुस्तकांना, जिल्ह्यातील छोट्या मुद्रणालयांतून निघालेल्या स्मरणिकांना आणि कित्येक अहिराणी पुस्तकांना आयएसबीएन नसतोच. इंग्रजी संदर्भांसाठी वाखाणली जाणारी ही सोय आमच्या निवडीत म्हणूनच फारशी मोजली गेली नाही.

बंद पडण्याचा प्रश्न

नोंदींच्या काटेकोरपणात कोहा सरस ठरले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही ते निवडले गेले नाही, कारण त्याला लिनक्सचा सर्व्हर, त्याची देखभाल, सुरक्षा अद्ययावत ठेवणे आणि वेळोवेळी नवी आवृत्ती चढवणे हे सारे लागते. तीन ग्रंथालयांपैकी कोणाकडेही हे करणारा माणूस कायमस्वरूपी नाही. होस्टिंगचे पैसे एखाद्या वर्षी भरायचे राहिले की सूची नाहीशी, ही शक्यता ताईंनी वारंवार मांडली आणि ती खोडून काढणे कोणालाही जमले नाही.

दुसऱ्याच्या सर्व्हरवर विसंबणेही निर्धोक नसते. नेचर या नियतकालिकाच्या प्रकाशकांनी चालवलेली कॉनोटिया ही संदर्भ सामायिक करण्याची सेवा २००४ साली सुरू होऊन २०१३ मध्ये बंद झाली. तशीच साइटयूलाइक ही सेवाही २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये थांबली. मेंडेली २०१३ साली एल्सेव्हिअरने घेतले आणि २०२० च्या अखेरीस त्यातील सार्वजनिक गट काढून टाकण्यात आले. आमची गरज नेमकी त्या सार्वजनिक गटांचीच होती, त्यामुळे मेंडेलीचा विचार तेथेच संपला. या उदाहरणांवरून गटाने एक निकष ठरवला : कोणतीही सेवा कधीतरी बंद पडेल असे धरून चालायचे, आणि नोंदी बाहेर काढताना काय टिकते व काय हरवते हे निवडीआधीच तपासायचे.

झोटेरो २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठातून बाहेर आले, त्याचा स्रोत खुला आहे, आणि नोंदींची पूर्ण प्रत प्रत्येक सभासदाच्या संगणकावर राहते. अक्कलकुवा, धडगाव भागात नेटवर्क जाते-येते. तेथे नेट नसताना केलेल्या नोंदी नंतर आपोआप जुळतात, आणि एकाच नोंदीत दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील तर कोणता ठेवायचा हे सॉफ्टवेअर विचारते. कसोटीच्या नोंदी त्यातून आरआयएस आणि बिबटेक या संदर्भनोंदींच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपांत बाहेर काढून जॅबरेफमध्ये उघडून पाहिल्या. लेखक, शीर्षक, वर्ष आणि टॅग शाबूत राहिले. विषयवार केलेल्या संग्रहांची रचना मात्र आली नाही. ती झोटेरोच्या स्वतःच्या आरडीएफ स्वरूपात टिकते. म्हणून महत्त्वाचे वर्गीकरण संग्रहांवर सोडायचे नाही, टॅगमध्येही ठेवायचे, असा नियम झाला. या चाचणीनंतर झोटेरोवर एकमत झाले.

गटाची रचना व मालकी

झोटेरोचे गट तीन प्रकारचे असतात : कोणालाही सामील होता येईल असा सार्वजनिक, सभासदत्व मर्यादित असलेला सार्वजनिक, आणि खासगी. मधला प्रकार घेतला. त्यात वाचक खाते न उघडता मोबाइलच्या ब्राउझरवरही सूची पाहू शकतो आणि बदल मात्र नेमलेले सभासदच करतात. नोंदींच्या संख्येवर बंधन नाही. फाइलींसाठी विनामूल्य जागा ३०० एमबी असून गटातील फाइली गटाच्या मालकाच्या खात्यात मोजल्या जातात. पण फाइली ठेवायच्याच नाहीत असे ठरल्यामुळे हा मुद्दा उरला नाही. स्कॅन केलेली पुस्तके टाकण्याचा आग्रह काही वाचकांनी धरला होता. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, आणि सूचीतील बहुतांश साहित्य या मुदतीत येते. जेथे ग्रंथ कायदेशीरपणे खुला आहे तेथे त्याचा दुवा देणे पुरेसे आहे.

गटाचा मालक कोण, यावर चर्चा अपेक्षेपेक्षा लांबली. विद्यार्थिनीने आपल्या खात्यातून गट उघडून दाखवला होता आणि तोच चालू ठेवणे सोयीचे होते. सरांचे म्हणणे असे पडले की व्यक्तीच्या ईमेलवर उभी राहिलेली सूची त्या व्यक्तीबरोबर निघून जाते. अखेर महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या अधिकृत ईमेलवर खाते काढून गटाची मालकी त्याकडे वर्ग केली, धुळे आणि नंदुरबारच्या ग्रंथालयांना व्यवस्थापकाचे अधिकार दिले, आणि पासवर्ड सीलबंद पाकिटात प्राचार्यांच्या कार्यालयात ठेवला. दर तिमाहीला संपूर्ण सूची आरडीएफ, आरआयएस आणि साध्या तक्त्याच्या स्वरूपात काढून तिन्ही ग्रंथालयांच्या संगणकांवर ठेवली जाते.

जुन्या नोंदींचे स्थलांतर

येथे सर्वाधिक श्रम लागले. श्रीलिपीतील मजकूर यूनिकोड या आंतरराष्ट्रीय अक्षरसंकेतात नेताना रूपांतर करणाऱ्या साधनांनी बरेच काम केले, पण ‘वऱ्हाड’ हा शब्द ‘वर्हाड’ होऊन आला आणि काही ठिकाणी रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला. एकच अक्षर दोन प्रकारे टंकलेले असणे हा त्याहून त्रासदायक प्रकार. ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले, त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, शोधात मात्र भेटत नाहीत. ‘बँक’ आणि ‘बॅंक’ यांचेही तेच. सर्व नोंदींवर शोधा-आणि-बदला चालवून एकच रूप कायम केले.

‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ या दोन रूपांबाबत तसे करता येत नव्हते, कारण ग्रंथाचे शीर्षक ग्रंथावर जसे आहे तसेच नोंदले पाहिजे. एकाच पुस्तकाची नोंद दोन ग्रंथालयांनी दोन रूपांत केली असेल तर सॉफ्टवेअरला ती दुबार नोंद ओळखता येत नाही. अशा जोड्या ताईंनी लेखकवार यादी काढून डोळ्यांनी तपासल्या. ‘अहिराणी’, ‘अहिरानी’, ‘आहिराणी’ यांसाठी टॅगमध्ये पहिले रूप ठरले आणि भाषेच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय संकेत घातला, जेणेकरून पुढे दुसऱ्या यंत्रणेत नेताना मराठी आणि अहिराणी ग्रंथ एकमेकांत मिसळणार नाहीत. शकातील वर्षांचे इसवी सनात रूपांतर करून ते वर्षाच्या क्षेत्रात, आणि मूळ शक जादा माहितीच्या क्षेत्रात गेला. वर्षांचे अंक सर्वत्र इंग्रजी ठेवले. मिश्र अंकांमुळे कालक्रम बिघडतो.

एक्सेलची फाइल झोटेरो थेट घेत नाही. म्हणून एक्सेलमध्येच सूत्र लिहून प्रत्येक ओळीचा आरआयएस मजकूर बनवला. तो साध्या ‘टेक्स्ट’ प्रकारात साठवला तर सारी देवनागरी प्रश्नचिन्हांत बदलते, त्यामुळे यूटीएफ-८ हे यूनिकोडचे स्वरूप निवडूनच साठवावा लागतो. ही गोष्ट या वाटेने जाऊ पाहणाऱ्या ग्रंथपालांनी आधीच लिहून ठेवावी. कोणती प्रत कोणत्या ग्रंथालयात आहे यासाठी ‘प्रत : धुळे’ अशा धाटणीचे टॅग केले, आणि बोधांक (ग्रंथाची कपाटातील जागा दाखवणारा क्रमांक) त्या त्या ग्रंथालयाच्या नावासह नोंदीला जोडलेल्या टिपेत लिहिला.

सध्याची स्थिती

पुस्तके आणि प्रबंध यांच्या नोंदी खुल्या झाल्या आहेत. नानांच्या ग्रंथालयात नोंदी करणारा मुलगा त्यांनी म्हटल्याप्रमाणे बदललाच, परंतु नव्या मुलाला सरांनी लिहिलेल्या चार पानी नियमावलीवरून काम उचलता आले. ती नियमावली गटाच्या पानावरही दिली आहे, आणि सॉफ्टवेअरच्या निवडीइतकेच श्रेय मी तिला देतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या ‘संशोधक’ त्रैमासिकातील लेखांचे काम ताईंनी हाती घेतले असून ते दीर्घकाळ चालेल. दिवाळी अंकांतील लेखांना अजून हात लागलेला नाही. संदर्भयादी काढताना ‘संपादक’, ‘आवृत्ती’, ‘पृष्ठे’ यांची इंग्रजी संक्षिप्त रूपे छापली जातात. संदर्भशैलीच्या फाइलमध्ये ती ‘संपा.’, ‘आ.’ आणि ‘पृ.’ अशी बदलण्याचे काम विद्यार्थिनी करत आहे, आणि ते पुरे होईपर्यंत प्रबंधासाठी यादी घेणाऱ्यांना ही रूपे हाताने दुरुस्त करावी लागतात.